आंधळ्या टप्प्याखाली

"...मग नेऊ का मी त्यांना?"

निनादनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा परवा विचारलं होतं, दुसऱ्यांदा काल जेवताना.

कुशाबा शेकोटीपुढं उकिडवा बसला होता. दोन्ही तळहात निखाऱ्यांवर धरून, पालथे-उताणे करत, भाकरी शेकावी तसे शेकत होता.

"बाबा, मी विचारतोय काहीतरी."

"ऐकलं की."

"मग?"

"ऊन येऊ दे."

पौषातली सकाळ. उंबरदऱ्याच्या सोळा घरांवर अजून डोंगराची सावली होती, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वाडीच्या पाठीमागं धारजाईची धार. दोन दऱ्यांच्या मधून गेलेली, कुठं बैलगाडीएवढी रुंद, कुठं नुसती हातभर. तिच्या टोकाला पंधरा फुटांचा कातळटप्पा, आणि टप्प्याच्या माथ्यावर देवीचं निशाण.

त्या टप्प्याला वाडीतली माणसं आंधळा टप्पा म्हणतात. चढताना खोबणी डोळ्यांसमोर असतात. उतरताना एक दिसेल तर शपथ! आपलंच पोट आड येतं.

वर दोर बांधावा असा भरवशाचा दगड नाही. कातळाला खिळा ठोकायचा तर आधी अख्ख्या वाडीशी भांडायला हवं, कारण कातळ देवीचा. म्हणून कितीतरी वर्षं एकच कायदा चालत आला होता. कुशाबा बांबळे हो म्हणाला, तर बाहेरच्यानं माणसं धारेवर न्यायची. नाही म्हणाला, तर गुपचूप चहा प्यायचा आणि परत फिरायचं. भलेभले चहा पिऊन परत गेले होते.

निनाद खांबेटे त्यातला नव्हता.

म्हणजे तो स्वतःला त्यातला समजत नव्हता. ठाण्याचा, वय बत्तीस. दोनशे सोळा किल्ले, हिमालयातली तीन शिखरं, गिर्यारोहणाचा मोठा कोर्स, आणि त्या कोर्सचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बरोबर आणलेलं. मनगटावरचं घड्याळ उंची सांगे, नाडी सांगे, रात्री झोप किती लागली तेही सांगे. आल्या दिवशी संध्याकाळी त्यानं हे सगळं कुशाबाला ऐकवलं. कुशाबानं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"आन टाईम?"

"टाईमपण सांगतं ना."

"मंग बरंय," कुशाबा म्हणाला आणि घड्याळ परत दिलं.

मग निनाद पाया पडायला वाकला. रीतच आहे ती. ज्याच्याकडून काही मिळवायचं त्याच्या पायावर आधी डोकं ठेवायचं. पण म्हाताऱ्यानं पाय चटकन धोतराखाली ओढून घेतले.

"ऱ्हाऊ दे. अजून न्हाई."

अजून न्हाई म्हणजे काय? चार दिवस निनादच्या डोक्यात हा किडा वळवळत होता.

या चार दिवसांत म्हाताऱ्यानं शिकवलं काय म्हणाल, तर काही नाही. ऊन वर आलं की दोघं निम्म्या धारेपर्यंत जात आणि परत येत. कुशाबा पुढं, बहात्तर वर्षांच्या चालीनं. निनाद मागं, दात-ओठ खात.

"बाबा, मी पुढं होऊ का?"

"मागं काय वाईट हाय?"

एवढंच शिक्षण!

दुसरा कुणी असता तर निनाद पहिल्याच दिवशी पाठीवर पिशवी टाकून निघाला असता. पण रविवारी अकरा माणसं येणार होती. त्यातली दहा आली काय नि न आली काय, त्याला सारखंच होतं. अकरावी मुक्ता होती.

मुक्ता गेल्या हिवाळ्यात पडली होती. दुसऱ्याच एका धारेवर, निनादच्या ग्रुपमधे असताना. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आठ महिने तिच्या हातात काठी होती. त्या दिवसापासून तिनं निनादचा एकही फोन घेतला नव्हता, आणि त्या दिवसापासून निनादला धड झोप नव्हती. हे घड्याळही सांगत होतं.

उंबरदऱ्याच्या म्हाताऱ्याचं नाव डोंगरात फिरणाऱ्या मंडळींमधे सगळ्यांनाच माहीत. मागच्या आठवड्यात मुक्ताचा निरोप आला, एका ओळीचा. "कुशाबाबांनी तुला हो म्हटलं तर मी येईन."

म्हणून तो इथं थंडीत कुडकुडत बसला होता, निखाऱ्यांवर हात शेकणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत.

कुशाबाची सून हौसा चहा घेऊन आली. गुळाचा, आलं ठेचून घातलेला. निनादनं कप घेतला आणि उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा, तुम्ही वर पहिल्यांदा गेलात तेव्हा वय काय होतं तुमचं?"

हौसा खुदकन हसली.

"वर? मामंजी? अवो, मामंजी कदी गेलंच न्हाईत वर!"

निनादचा कप ओठांपाशीच थांबला.

"म्हणजे टप्प्यावर?"

"टप्प्यावर. पौष पुनवंला निशान बदलत्यात का न्हाई, तवा येक जन वर जातो आन हे खाली उभं ऱ्हात्यात. एकेचाळीस सालं झाली. वर जाणाऱ्याला फेटा, नारळ, म्होरं हलगी. आन यांना वाटीभर खोबरं!" ती पदर तोंडाला लावून आत गेली.

निनादनं कुशाबाकडं बघितलं.

"खरं आहे हे?"

"खोबरं? व्हय. मिळतंय."

"बाबा, मी टप्प्याचं विचारतोय. तुम्ही कधीच नाही गेलात?"

"न्हाई."

"मग खाली काय करता?"

"उभा ऱ्हातो."

कुशाबानं हात उलटे केले आणि पुन्हा शेकायला लागला.

निनादनं उरलेला चहा एका घोटात संपवला. जीभ पोळली, तरी त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. नाव मोठं लक्षण खोटं! चार दिवस आपण कुणाच्या मागून चाललो? ज्यानं टप्पा उभ्या जन्मात केला नाही, तो आपल्याला पारखणार? आणि या माणसाच्या एका शब्दावर मुक्ता येणार की नाही ते ठरणार?

तेवढ्यात सावली अंगणातून सरकली. कुशाबानं उठून घोंगडी खांद्यावर टाकली, दोन्ही हात काखेत घातले आणि धारेकडं चालायला लागला. चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाला, "आज टोकापातूर जाऊ."

हिवाळ्यात धार दिसायला गरीब दिसते. गवत पिवळं, आभाळ निळं, वारा कोरडा. पण ते वाळलेलं गवत बुटाखाली असं सटकतं की पावसाळ्यातला चिखल परवडला. त्यावर पहाटेचं दव असलं तर विचारूच नका. म्हणून म्हातारा उन्हाची वाट बघतो, हे एवढं निनादला चार दिवसांत कळलं होतं. पण आज तो काही कबूल करायच्या मनःस्थितीत नव्हता.

निम्मी धार गेल्यावर त्याला राहवलं नाही.

"बाबा, एक विचारू? राग मानू नका."

"इचार."

"पोहायला न येणाऱ्यानं दुसऱ्याला पाण्यात उतरायची परवानगी द्यायची, हे बरोबर आहे का?"

कुशाबा चालत राहिला. डावीकडं खाली, पार तळाशी, कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "बरुबर न्हाई."

"मग?"

"दगुड हाय म्होरं. मुरमाचा. पाय बघून टाक."

निनादनं कपाळावर हात मारला.

टप्प्यापाशी पोचायला त्यांना आणखी तासभर लागला. टप्प्याच्या बुडाशी बाजेएवढी सपाट जागा, आणि तिच्या दोन्ही अंगांना नुसती हवा. कुशाबानं वहाणा काढून कातळाला टेकवून ठेवल्या.

"बूट काढ."

"बूट? बाबा, हे खास कातळासाठीच घेतलेत."

"देवीचा कातळ हाय."

निनादनं बूट काढले, मोजे काढले. पौषातला दगड तळव्यांना असा चावला की त्याचे खांदे वर आले.

"जाऊ?"

"जा."

आणि निनाद गेला. खोटं कशाला बोला, गेला मात्र झकास. हात बरोबर जागी, पाय बरोबर जागी, अंग कातळापासून वीतभर सुटं. अडीच-तीन मिनिटांत तो निशाणापाशी होता. वर वारा भणभणत होता, निशाणाचं कापड फडफडत होतं. धारेमागं धार, तिच्यामागं आणखी धार, शेवटची इतकी फिकट की आभाळ कुठलं आणि डोंगर कुठला ते कळू नये. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ओरडूनच सांगितलं.

"बाबा! तुम्ही काय घालवलंत तुम्हाला माहीत नाही!"



थोड्या वेळानं तो उतरायला निघाला. दरीकडं पाठ, कातळाकडं तोंड, शिकवल्याप्रमाणं. निम्मा टप्पा तो नीट उतरला. पुढचं पाऊल त्यानं खाली सोडलं आणि तिथं काही नव्हतं.

खोबण होती. मघाशी तर होती! डावीकडं, गुडघ्याच्या जरा खाली. का उजवीकडं? त्यानं मान वाकवून बघितलं. दिसला तो आपलाच शर्ट. पायाचा अंगठा गुळगुळीत दगडावरून फिरत राहिला.

"बाबा..."

"हाय मी."

"खोबण कुठं आहे?"

"पाय सोड."

त्यानं पाय सोडला. आणि तळव्याला काहीतरी लागलं, ऊबदार, खरखरीत. म्हाताऱ्याचा हात!

आता बघा काय झालं. दोनशे सोळा किल्ले केलेला, बर्फातून परत आलेला माणूस. पण लहानपणापासून आईनं एक गोष्ट त्याच्या अंगात मुरवली होती. मोठ्या माणसाला आपला पाय लागला की चटकन त्याला हात लावायचा आणि तो हात छातीला न्यायचा. विचार करायचाच नाही, हात आपोआप जातो. तसा गेला. निनादनं पाय झटक्यात वर ओढला आणि उजवा हात कातळावरून सोडून नमस्काराला नेला.

अंग दारासारखं फिरलं. डावा हात आणि एक पाय, एवढ्यावर तो दरीच्या तोंडाशी लोंबला. पायाखालचे चार खडे सुटले, खाली गेले, आणि ते पडल्याचा आवाज काही आला नाही.

"नमस्कार मागनं कर, लेका," खालून कुशाबा शांतपणे म्हणाला. "आदी कातळ धर."

निनादनं कातळ धरला. दोन्ही हातांनी. गाल दगडाला लावला. मनगटावर घड्याळ टीं टीं करत नाडी वाढल्याचं सांगत होतं.

"घाई न्हाई," कुशाबा म्हणाला. "जरा दम खा."

...

"आता डावा पाय सोड. मी धरनार हाय. बिचकू नको."

पुन्हा तो ऊबदार हात. या खेपेला पाय ओढला गेला नाही. हातानं पाऊल धरलं, जरा डावीकडं नेलं, वीतभर खाली नेलं आणि एका खाचेत नीट बसवलं, देव्हाऱ्यात देव बसवावा तसं.

"टाक भार."

त्यानं टाकला. खोबण तिथंच होती. डावीकडं, गुडघ्याच्या जरा खाली.

"आता उजवा. हां... अजून... आता हितं खोबन न्हाई. पाय माज्या खांद्यावर ठेव."

"नाही बाबा."

"का?"

"तुमच्या खांद्यावर पाय कसा ठेवू मी?"

"मंग माजा मान राखाया खाली पडतोस व्हय?"

 डोळे मिटून निनादनं पाय खाली नेला. बहात्तर वर्षांचं ते हाड घोंगडीखाली कठीण लागलं. खांदा जरासा दबला, पण हलला नाही. मग दुसरा पाय, मग जमीन.

तो जमिनीवर बसला तो बसूनच राहिला. कुशाबा शेजारी टेकला, हात परत काखेत. खाली दरीत एक घार गोल गोल फिरत होती. दोघं तिच्याकडं बघत राहिले.

"तुम्ही म्हणून हात शेकत होतात सकाळी," निनाद म्हणाला.

"गार हात लागला की मानूस बिचकतं." कुशाबा हसला. "तू ऊन हातालाबी बिचकलास."

निनाद हसला नाही. 

"बाबा, मुक्ता पडली ना..."

"हं."

"असाच टप्पा होता. एवढा मोठा नव्हता, दहाएक फुटांचाच. मी आधी उतरलो आणि पुढं चालायला लागलो. वेळ मोजत होतो, दोन तासांच्या आत संपवायचं होतं. ती मागून ओरडली... 'निनाद, पाय कुठं ठेवू?'"

कुशाबानं मान त्याच्याकडं वळवली.

"मी वळलोसुद्धा नाही, बाबा. चालता चालता म्हणालो, 'सोपं आहे गं, ये!'"

एवढं बोलून तो रडला. वर्षभराचं रडणं होतं, मुळूमुळू थोडंच होणार? चांगला हुंदके देऊन रडला. कुशाबानं त्याच्या पाठीवर हात फिरवला नाही, उगी म्हणाला नाही. घार डोंगराआड गेली आणि पुन्हा दिसायला लागली.

"मी कुणाला सांगितलं नव्हतं हे," निनाद नाक पुसत म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं, तिचा पाय घसरला. तिनंही कुणाला सांगितलं नाही. तुम्ही नाहीच म्हणा, बाबा. मी विचारणार नाही परत. बरोबर आहे तुमचं."

कुशाबा उठला. घोंगडी खांद्यावरून काढून त्यानं निनादच्या मांडीवर टाकली. धोतराचा काचा घट्ट केला.

"काय करताय?"

"वर जातो वाईच."

निनाद ताडकन उभा राहिला.

"वर? तुम्ही? बाबा, तुम्ही कधी गेला नाहीत!"

"न्हाई गेलो."

"मग आज काय एकदम? या वयात? एकेचाळीस वर्षांत नाही गेलात आणि..."

"खाली थांबाया कुनी मिळंना," कुशाबा म्हणाला. "जो त्यो वर."

"अहो पण हौसावहिनी काय म्हणतील मला?"

"ती चा करील." म्हाताऱ्यानं पहिल्या खोबणीत बोटं घातली. "मला लई सालांपासनं बघायचं हाय वर काय हाय ते. डोळं हायत तवर."

आणि तो चढायला लागला. निनादच्या नजरेत आता एकच गोष्ट होती: दोन भेगाळलेल्या टाचा, एकामागून एक वर जाणाऱ्या. म्हातारा सावकाश चढत होता, पण कुठं अडला नाही. खालून बघून बघून त्याला एकूण एक खोबण पाठ होती. मग टाचाही दिसेनाशा झाल्या.

आता त्या बाजेएवढ्या जागेत निनाद एकटा.

वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. निशाण फडफडल्याचा आवाज तेवढा येत होता. पाच मिनिटं झाली असतील. का दहा? त्यानं सवयीनं मनगट वर केलं, आणि मग घड्याळ काढून बुटात टाकलं. हिमालयात त्याला भीती वाटली होती, पण ती स्वतःची होती. ही वेगळी होती.  म्हाताऱ्याचा तोल गेला तर? हात सुटला तर? मी धरला पाय आणि माझ्याच्यानं पेलला नाही तर?

वारा गार होता. निनादनं आपल्या हातांकडं बघितलं. बोटं पांढरी पडली होती. त्यानं ते एकमेकांवर चोळले, त्यांत फुंकर घातली. मग घोंगडी पांघरली, हात काखेत खुपसले आणि कातळाला चिकटून, मान वर करून उभा राहिला.

किती वेळ गेला देव जाणे.

"उतरतो रं..."

"या बाबा. मी इथंच आहे."

आधी थोडी माती आली. मग कडेवरून एक पाऊल आलं. वरच्या खोबणी एकेक करून सापडल्या. निम्म्यावर मात्र पाऊल हवेतच राहिलं. खाली, वर, पुन्हा खाली. म्हातारं पाऊल, जन्मभर डोंगरात फिरलेलं, बोटं पसरून काहीतरी शोधत होतं. इतकी वर्षं दुसऱ्याची पावलं जागेवर बसवणाऱ्या माणसाचं पाऊल, आणि त्याला खोबण सापडत नव्हती.

"निनादा..."

"बोला."

"पाय कुटं ठिवू?"

  निनादनं काखेतून हात काढले आणि ते पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"घाई नाही, बाबा. मी धरलाय. आता जरा डावीकडं... हां. वीतभर खाली. अजून थोडं, दोन बोटं. थांबा. आता आहे. टाका भार."

पाऊल खोबणीत बसलं. भार आला.

"उजवा सोडा. बिचकू नका. इथं खोबण नाही, माझा खांदा आहे. ठेवा... ठेवा बिनधास्त."

म्हाताऱ्यानं ठेवला. निनादनं दात आवळले, गुडघे घट्ट केले आणि कातळाला टेकून उभा राहिला. ओझं फार नव्हतं. तरी त्याला घाम फुटला. मग दुसरा पाय आला, मग कुशाबा जमिनीवर होता, त्याच्यासमोर, धापा टाकत, डोळ्यांत पाणी. वाऱ्यानं असेल.

निनाद खाली वाकला. या वेळी म्हाताऱ्यानं पाय ओढून घेतले नाहीत. पण डोकं टेकायच्या आतच त्याला दंडाला धरून उठवलं.

"नमस्कार झाला की मगाशी," कुशाबा म्हणाला.

मग त्यानं निनादचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. उताणे केले, पालथे केले, बाजारात भाजी बघावी तसे नीट बघितले.

"हात ऊन हायत."

"हो."

"आण तुजी मान्सं. त्या पोरीलाबी आण."

 निनादनं मान हलवली. बुटातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दोघांनी वहाणा, बूट चढवले. कुशाबानं घोंगडी मागितली नाही, आणि निनादच्याही ती काढायचं ध्यानात आलं नाही.

उन्हानं धारेवरचं गवत आता पार सुकलं होतं. कुशाबा निघाला आणि निनाद त्याच्या मागं, दोन पावलांवर, म्हाताऱ्याचा पाय कुठं पडतोय ते बघत. निम्म्या वाटेवर त्याला आठवलं.

"बाबा, विचारायचंच राहिलं. वर काय दिसलं?"

कुशाबा थांबला. वळला नाही. खाली उंबरदऱ्याच्या घरांमधून धूर निघत होता.

"समदं दिसलं..."

"म्हणजे?"

"समदं दिसलं रं. तुजा हात तेवढा दिसला न्हाई."